रोज एक तक्रार

लास्मीला ‘नाही’ म्हणता येत नसे. तसं आमच्या सालातिगा गावात ते कुणालाच धड येत नाही. समोरच्याचं मन मोडण्यापेक्षा आपलं हाड मोडलेलं परवडलं, हे जावा बेटावरची प्रत्येक आई पोराला भाताबरोबर भरवते. पण लास्मीचं जरा अतीच होतं. मागच्या वर्षी गावच्या शर्यतीची नावं लिहून घ्यायला जी बाई बसली होती, ती म्हणाली, “पाच किलोमीटरचे टी-शर्ट संपले हो. एकवीसचा देऊ का?” आणि लास्मी म्हणाली, “द्या की.” झालं. गल्लीतल्या बायकांबरोबर हसतखेळत पाच किलोमीटर चालायला निघालेली बाई एकवीस किलोमीटर पळायला नाव देऊन घरी आली.

पळाली बिचारी. सगळे पळाले तशी तीही उतारावरून सुसाट पळाली, नवव्या किलोमीटरला जीभ बाहेर आली आणि तेराव्याला तिला झाडूगाडीने उचललं. शर्यतीच्या शेपटाला जी गाडी चालते, मागे पडलेल्यांना गोळा करते, तिला आमच्याकडे झाडूगाडी म्हणतात. लोकांनी बाजूला व्हावं म्हणून तिच्यावर भोंगा लावून नाचाची गाणी वाजवतात. त्या गाण्यांच्या दणदणाटात लास्मी खिडकीशी बसून गावात शिरली, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तिचीच गिऱ्हाइकं उभी होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या. चांगल्या मनाने वाजवल्या, हेच तर वाईट. कुणी टिंगल केली असती तर रागावता तरी आलं असतं.

लास्मीची बाजारामागे खानावळ आहे. तुंपांग आणि भात. तुंपांग म्हणजे आंबवून मुरवलेल्या सोयाबीनच्या तेंपेची तिखट, दाट आमटी. ती खावी तर लास्मीच्या हातची, हे मी नाही, सगळा बाजार सांगतो. शर्यतीच्या दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी कुणी ना कुणी पानावर बसता बसता विचारायचं, “काय बू लास्मी, आज पायी आलात की गाडीने?” (‘बू’ म्हणजे आमच्याकडे ‘बाई’.) सगळे हसायचे. लास्मीही हसायची, वर एक जास्तीची मिरची वाढायची.

पण आत काहीतरी खुपत राहिलं होतं. चव्वेचाळीस वर्षं झाली तिला. बाप म्हणाला शाळा पुरे, तिने सोडली. सासू म्हणाली खानावळ तू सांभाळ, तिने सांभाळली. कुणाचं लग्न असो की बारसं, पहिली कढई हिने उचलायची. स्वतःला म्हणून काही हवं आहे, असं तिला कधी वाटलंच नव्हतं. आता वाटत होतं. पुढच्या शर्यतीत एकवीसच्या एकवीस किलोमीटर आपल्या पायांनी, झाडूगाडीच्या आधी. एवढंच हवं होतं, पण फार हवं होतं.

शेवटी ती हर्सोयो गुरुजींपाशी बोलली. गुरुजी सदुसष्ट वर्षांचे. शाळेत कवायत शिकवायचे आणि चाळीस वर्षं गावच्या स्टेडियमवर पळणारी पोरं घडवली. त्यांतली दोन देशासाठी पळून आली. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी सातला लास्मीच्या भिंतीकडच्या बाकावर बसून जेवत. तिने त्यांच्या पानात अंडं ठेवलं आणि खाली बघून म्हणाली, “गुरुजी, मला पळायला शिकवाल का?”

गुरुजींनी घास संपवला. “मी सांगेन ते कराल?”

“हो.”

“सोळा आठवडे?”

“हो.”

“आणि माझं म्हणणं पटलं नाही तर?”

“हो,” लास्मी म्हणाली.

गुरुजींनी एकदा तिच्याकडे पाहिलं, पण बोलले काही नाहीत. बोलायला हवं होतं, असं त्यांनी नंतर स्वतःच मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी ते जुन्या कॅलेंडरची चार पानं घेऊन आले. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने रेघा मारून सोळा आठवडे आखलेले. सोमवार, विश्रांती. मंगळवार, पाच किलोमीटर, गप्पा मारता येतील इतक्या सावकाश. गुरुवारी स्टेडियमवर, गुरुजींच्या शिट्टीवर. रविवारी लांबचं, पण तेही सावकाश. सोबत एक वही. “रोज काय केलंत आणि कसं वाटलं ते यात लिहायचं. मी सकाळी जेवताना बघीन. त्यावरून पुढचं ठरवीन.”

लास्मीने ती पानं खानावळीच्या भिंतीला लावली आणि तिचा धीरच खचला. सावकाश पळाली म्हणून तर गाडीने उचलली होती. आता सोळा आठवडे सावकाश पळायला शिकायचं? आणि सोमवारी विश्रांती? तिच्या घराण्यात विश्रांती फक्त मेलेल्यांना मिळत असे.

शेजारी तुतिकचा भज्यांचा ठेला. तुतिक म्हणजे लास्मीची लहानपणची मैत्रीण, आणि जगात असा विषय नाही ज्यावर तिचं मत नाही. तिने हात पुसत पुसत भिंतीवरची पानं वाचली.

“हे पळायचं आहे की बाळंतिणीचं पथ्य?”

“गुरुजींनी दिलंय गं.”

“गुरुजी म्हातारे झाले. अगं, पळायचं तर पळावं लागतं, बसून कुणी पळालंय का आजवर? मी पण नाव देणार आहे या वर्षी. सोमवारी चल माझ्याबरोबर, कोपेंगचा डोंगर चढू. पाय असे लोखंडी होतील बघ.”

लास्मीला ते पटलं. पटलं नसतं तरी ती गेलीच असती म्हणा, कारण तुतिकला नाही कोण म्हणणार. अशा रीतीने तिने एका तोंडाने दोन गुरू केले. सोमवारी तुतिकबरोबर डोंगर. मंगळवारी पाय उचलेनात, म्हणून गुरुजींचे पाच किलोमीटर राहून जायचे. पण वही तर रोज दाखवायची. कोऱ्या पानाने म्हाताऱ्या माणसाचं मन कसं दुखवायचं? मग लास्मी लिहायची, ‘पाच किलोमीटर केले. छान वाटलं. आभार.’ तिच्या मते हे खोटं नव्हतंच. हा आपला शिष्टाचार. पाहुण्याने विचारलं, जेवलात का, तर उपाशी माणूसही हो म्हणतोच की.

पण गुरुजी ते ‘छान वाटलं’ वाचून समाधानाने मान हलवत आणि पुढच्या आठवड्यात एक किलोमीटर वाढवत. ते वाढलेलं लास्मीला झेपायचं नाही, आणि ती लिहायची, ‘छान वाटलं. आभार.’ गुरुजी आणखी एक वाढवत. सातव्या आठवड्यात वहीतली लास्मी अठरा किलोमीटर पळायला लागली होती. खरी लास्मी उजव्या पोटरीला हळद लावून खानावळीत लंगडत होती, आणि कुणी विचारलं की म्हणायची, “काही नाही हो, चप्पल लागली.”

आठव्या आठवड्याच्या रविवारी गल्लीच्या टोकाला लग्न होतं. आमच्याकडे लग्नघरी गल्लीतल्या सगळ्या बायका दोन दिवस आधीपासून राबायला जातात. न जाणं म्हणजे गाव सोडून जाण्यासारखंच. लास्मी पहाटेपासून कढईपाशी उभी. दुपारी ती भात वाढायला आली. पंगतीत पहिल्याच खुर्चीवर कोण, तर गुरुजी, रेशमी बाटिकचा सदरा घालून. तिने त्यांना भात वाढला. त्यांनी “जरा कमी” म्हटलं. तिने तितकाच वाढला. सगळं रीतीप्रमाणे झालं.

आणि संध्याकाळी, दमून भागून, डोळे मिटत असताना लास्मीने सवयीने वही ओढली आणि लिहिलं, ‘रविवार. अठरा किलोमीटर. छान वाटलं. आभार.’

सोमवारी सकाळी गुरुजींनी जेवता जेवता वही वाचली. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. पेन्सिल काढली, काहीतरी लिहिलं, वही मिटली, “आज तिखट छान होतं” म्हणाले आणि गेले. लास्मीने भांडी आवरून वही उघडली. गुरुजींनी तिची ओळ हलक्या हाताने खोडली होती आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘रविवार. लग्नात नऊ तास उभं राहणं. चारशे माणसांना भात वाढणं. लंगडत. सोमवार आणि मंगळवार बसून राहावं.’

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. त्या माणसाच्या पानात आपण स्वतःच्या हाताने भात वाढला आणि वर त्यालाच लिहून दिलं की मी त्या वेळी अठरा किलोमीटर पळत होते. मंगळवारी तिने खानावळ उघडली नाही. बुधवारी उघडली, पण सातच्या सुमाराला मागच्या मोरीत भांडी घासत बसली आणि नवऱ्याला पुढे उभं केलं.

नवरा गियांतो, मिनीबस चालवतो. साधा माणूस. त्या रात्री जेवताना तो पानाकडेच बघून बोलला. “अगं, शर्यतीच्या समितीचे साहेब आले होते. घरी. स्वतः.”

“मग?”

“या वर्षी झाडूगाडी म्हणून माझी मिनीबस हवी आहे. चालवायला मीच.”

लास्मी हातातला घास तसाच धरून बघत राहिली. “आणि तुम्ही काय म्हणालात?”

“मी काय म्हणणार. हो म्हणालो. साहेब उभे होते गं दारात.”

लास्मीला आधी रडू आलं आणि मग हसू. दोन्ही एकदम आलं. भीड भिकेची बहीण म्हणतात. या घरात दोघी बहिणी सुखाने नांदत होत्या. बायको जिच्या भीतीने पळणार ती गाडी नवरा हाकणार, आणि का, तर दोघांपैकी एकालाही नाही म्हणता येत नाही. हे असंच चाललं तर या वर्षीही आपण त्याच खिडकीशी बसणार, हे तिला स्वच्छ दिसलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने डब्यात तुंपांग भरला आणि गुरुजींच्या घरी गेली.

गुरुजी पडवीत कवडा पक्ष्यांच्या पिंजऱ्यापाशी बसले होते. रीतीप्रमाणे आधी हवेचं बोलणं झालं, मग कवड्यांच्या तब्येतीचं, मग मिरचीच्या भावाचं. चहा आला. मग गुरुजी डब्याकडे बघून म्हणाले, “तुंपांगासाठी तेंपे किती दिवस मुरवता?”

“चार. कधी पाच. वास सुटेपर्यंत.”

“मधे उलटून-पालटून बघत असाल.”

“छे हो. हात लावायचा नाही. हात लावला की बिघडलं.”

“मग आत काही होतंय हे कसं कळतं?”

“कळत नाही काही. पण होत असतं की,” लास्मी म्हणाली. स्वयंपाकाचा प्रश्न होता, त्यामुळे तिने बेधडक उत्तर दिलं.

गुरुजींनी पिंजऱ्यात दाणे टाकले. “सोमवारी पायातसुद्धा होत असतं.”

लास्मीने मान खाली घातली, आणि मग सगळं सांगून टाकलं. तुतिकचा डोंगर, चुकवलेले मंगळवार, पोटरी, वही. “मला पटलंच नव्हतं गुरुजी. सावकाश पळून कुणी लवकर पोहोचतं, हे अजून पटत नाही. पण तुम्हाला तोंडावर कसं सांगायचं?”

गुरुजींना राग आला नव्हता. ते थकल्यासारखे दिसले. “माझ्याकडे एक मुलगी होती,” ते म्हणाले. “वीस वर्षं झाली. फार गुणी. रोज विचारायचो, पाय कसा आहे. बरा आहे गुरुजी. नडगीचं हाड आतून चिरलं होतं, दोन महिने ती बरा आहे म्हणत त्याच्यावर पळत होती. मग एक दिवस मैदानात बसली ती बसलीच. पुन्हा पळाली नाही. तिला काय बोल लावायचा? मला ‘बरा आहे’ ऐकायला आवडायचं, ते ती मला देत होती. तुमची वही वाचताना मलाही बरंच वाटत होतं. अठरा किलोमीटर, या वयात. मी बायकोला कौतुकाने सांगितलं.”

लास्मीला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“आता एक करायचं,” गुरुजी म्हणाले. “वहीत ‘छान’ लिहायचं नाही. ‘आभार’ तर मुळीच नाही. रोज एक तक्रार लिहायची. ज्या दिवशी तक्रार नाही, त्या दिवशीचं पळणं मी धरणार नाही.”

“अहो गुरुजी, तुमच्याकडे तक्रार? तुम्ही वडीलधारे.”

“हो ना. म्हणून तर रोजचा सराव.”

पहिली तक्रार लिहायला लास्मीला तासभर लागला. ‘उजवी पोटरी थोडीशी, म्हणजे फार नाही, माफ करा, दुखते.’ गुरुजींनी ‘माफ करा’खाली लाल रेघ ओढली आणि त्या आठवड्याचं सगळं पळणं काढून टाकलं. नुसतं चालणं. पुढल्या आठवड्यात तीन किलोमीटरपासून पुन्हा सुरुवात. पोटरी दुखायची थांबली. लास्मीला आश्चर्य वाटलं. दुखतंय असं सांगितल्यावर दुखणं कमी होतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग हळूहळू हात सुटला. ‘बुटात खडा होता.’ ‘गुरुजी शिट्टी फार जोरात वाजवतात, स्टेडियममागच्या कोंबड्या घाबरतात.’ ‘इतक्या सावकाश पळवतात की काल एक म्हातारी भाजीची पाटी घेऊन मला मागे टाकून गेली आणि वर हसली.’ ‘सोमवारी बसवत नाही. चोरी केल्यासारखं वाटतं.’ या शेवटच्या तक्रारीशेजारी गुरुजींनी लिहिलं, ‘वाटू दे. तरी बसा.’

आणि एका सोमवारी तुतिक डोंगरावर चल म्हणाली तेव्हा लास्मी म्हणाली, “मी येणार नाही.” तोंडातून निघून गेल्यावर तिलाच धडकी भरली. तुतिक दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मूठभर मिरच्या मागायला आली आणि जगबुडी काही झाली नाही.

तेराव्या आठवड्यात लास्मी रविवारी सोळा किलोमीटर पळून आली, खरेखुरे सोळा, आणि अंघोळ करून सरळ खानावळीत उभी राहिली. पाय जागेवर होते. वहीत तिने लिहिलं, ‘अजून पळता आलं असतं. तुम्ही थांबवलंत.’ गुरुजींनी ते दोनदा वाचलं आणि त्या दिवशी भात पुन्हा मागून घेतला.

शर्यतीचा दिवस उजाडला. रस्ता असा की मैदानापासून निघून तळ्यापर्यंत उतार, तळ्याला वळसा आणि तोच सगळा उतार चढून परत. तीन तासांत यायचं. गुरुजींनी तिला तळहाताएवढा कागद दिला होता: ‘उतारावर सगळे पुढे जातील. जाऊ द्या. चढावर ते तिथेच भेटतील.’ मागे गियांतोची मिनीबस, डोक्यावर भोंगा, शेजारी समितीचा एक तरुण घड्याळ घेऊन बसलेला. कुठल्या वळणावर गाडी किती वाजता पोहोचली पाहिजे ते ठरलेलं. गियांतोने निघण्याआधी काचेतून बायकोकडे पाहिलं आणि लगेच नजर आरशाकडे वळवली.

पहिल्या दहा किलोमीटरमध्ये लास्मीला सगळ्या गावाने मागे टाकलं. शाळकरी पोरी गेल्या, समितीच्या साहेबांचे सासरे गेले. तुतिक नव्या गुलाबी बुटांत तरातरा निघून गेली. “अगं चल ना, वरातीला आलीस का?” लास्मी कागदावर लिहिलं होतं तशीच चालली. मागून ती नाचाची गाणी येत होती, कधी दूर, कधी जवळ. जोरात पळायला पाय शिवशिवत होते. पण गेल्या वर्षी याच उतारावर ते शिवशिवणं ऐकलं होतं, त्याचं काय झालं तेही आठवत होतं.

तळ्याचा वळसा झाला, चढ लागला, आणि माणसं भेटायला लागली. शाळकरी पोरी कमरेवर हात ठेवून उभ्या. साहेबांचे सासरे झाडाखाली. पंधराव्या किलोमीटरला तुतिक फुटपाथवर, एक गुलाबी बूट हातात. “जा बाई,” ती म्हणाली, “मी तुझ्या नवऱ्याची वाट बघते.”

लास्मीला हसायचं होतं, पण पोटरी ओढायला लागली होती. सोळाव्या किलोमीटरला गुरुजी पाण्याची बाटली घेऊन उभे होते. “कसं आहे?”

“वाईट आहे,” लास्मी म्हणाली. “पोटरी ओढतेय. खूप ओढतेय. आणि मला भीती वाटतेय गुरुजी, गाणं फार जवळ आलंय.”

गुरुजींनी तिच्या पायाकडे पाहिलं, मग मागच्या वळणाकडे. “चाला.”

“काय?”

“पुलापर्यंत चालत जा. लहान पावलं टाकत. पुलापासून पळा.”

पूल चांगला तीनशे पावलांवर होता. “गाडी येईल हो.”

“येईल. तुमच्यापर्यंत नाही येणार.”

आयुष्यभर लास्मीने लोकांना हो दिलं होतं, आणि त्यातलं निम्मं नुसत्या तोंडाने. हे हो पायांनी द्यायचं होतं, आणि चुकलं तर तिची एकुलती एक इच्छा त्याच्याबरोबर जाणार होती. तिला गुरुजींचा राग आला. तरी ती चालायला लागली. रस्त्याकडेची माणसं ओरडायला लागली, “बू लास्मी, पळा, गाडी आली हो मागे, पळा.” सगळी ओळखीची, रोज तिच्या हातचं खाणारी. त्यांचं मन राखायचं तर पळायलाच हवं होतं. लास्मी मोठ्याने म्हणाली, “नाही.” एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. आणि चालत राहिली. इंजिनाचा आवाज आला, भोंग्यात गाणाऱ्या बाईचा श्वाससुद्धा ऐकू आला. पोटरी एकेका पावलाने सैल होत गेली. पुलाच्या पहिल्या दगडाला पाय लागला आणि लास्मी पळायला लागली.

मागे गाडीत काय चाललं होतं ते तिला नंतर कळलं. तुतिक गियांतोच्या कानाशी ओरडत होती, “अरे हळू चालव, मेल्या, बायको आहे तुझी.” सासरेबुवाही तेच म्हणत होते. गियांतोचा पाय आपोआप वर आला होता. तेवढ्यात गुरुजी गाडीत चढले आणि म्हणाले, “गियांतो, ठरलेल्या वेळेने चालवा. तिला तुमची मदत नकोय.” आणि गियांतोने तशीच चालवली, ओठ चावत, डोळे पुसत.

शेवटचा चढ लास्मी कशी चढली ते तिला आठवत नाही. मैदानाचं फाटक, माणसांची गर्दी, वर टांगलेलं मोठं घड्याळ. दोन तास अठ्ठावन्न मिनिटं. ती रेघेपलीकडे गेली, आणि थांबल्यावरही पाय उभेच राहिले, याचं तिला फार कौतुक वाटलं. मग ती हुंदके देऊन रडली. कुणाला काय वाटेल याचा विचार न करता भर मैदानात रडली.

दोन मिनिटांनी झाडूगाडी आली. गियांतो उतरला, बायकोपाशी येऊन उभा राहिला आणि त्याने तिच्या हातात गरम चहाचा पेला दिला. तुतिक अनवाणी उतरली आणि गळ्यात पडली. गिऱ्हाइकं जमली, साहेब आले. मागून गुरुजी सावकाश आले आणि नेहमीसारखं विचारलं, “कसं वाटलं?”

सगळे बघत होते. ‘छान वाटलं, आभार’ हे शब्द लास्मीच्या जिभेवर येऊन बसलेच होते. तिने चहाचा घोट घेतला.

“पुलापर्यंत चालायला लावलंत ते बरोबर होतं,” ती म्हणाली. “जीव गेला माझा, पण बरोबर होतं. उतारावर मात्र तुम्ही चुकलात, गुरुजी. इतकं मागे ठेवायला नको होतं. तिथे मी दोन-तीन मिनिटं सहज वाचवली असती. विनाकारण त्या गाडीच्या तोंडाशी ठेवलंत मला.”

तुतिकने तोंडावर हात ठेवला. गियांतो आपल्या चपलांकडे बघायला लागला. चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाला, चारचौघांत, त्याच्या तोंडावर, आमच्या गावात असं कुणी कधी बोललं नव्हतं.

गुरुजींचे डोळे भरून आले. ते तिथेच मैदानाच्या कठड्यावर बसले, दोन्ही खिसे चाचपून पेन्सिल काढली, आणि लास्मीला शेजारी जागा करून दिली.

“बसा,” ते म्हणाले. “दोन मिनिटं की तीन? नीट आठवून सांगा, मी लिहून घेतो.”